चार मिनिटांनी बंद पडणारा गीझर

"दादा, तुम्ही एकदा येऊन बघाच. गीझर आता बंद पडत नाही, पण पाणी बारीक धारेनं येतं, कढत येतं, आणि आतून आधण ठेवल्यासारखा आवाज येतो."

फोनवर काकूंनी एवढंच सांगितलं. त्यातला 'आता' मला खटकला. आता बंद पडत नाही, म्हणजे आधी पडत होता. मग तो पडायचा थांबला कसा, हा माझ्या डोक्यातला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळाल्यावर बाकीचं प्रकरण आपोआप उलगडत गेलं, म्हणून ते इथे सविस्तर लिहून ठेवतोय.

घर पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचं. चार मजली जुनी इमारत, तिसरा मजला, डिसेंबरची थंडी. घरात काका, काकू, मुलगा, सून आणि शाळकरी नात, म्हणजे सकाळी एकापाठोपाठ पाच आंघोळी. मिनिटाला ६ लिटरचा, सिलिंडरवर चालणारा साधा गॅस गीझर, सहावं वर्ष चालू. बसवलेला ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुणं-भांड्यांच्या छोट्या बाल्कनीत. बोअरचं पाणी, वर उन्हाळ्यात टँकर.

आधी काय काय झालं होतं

दिवाळीनंतर गीझर मध्येच बंद पडायला लागला. नळ उघडला की टकटक होऊन पेटायचा, तीन-चार मिनिटं गरम पाणी यायचं आणि मग अंगावर गार. नळ बंद करून पुन्हा उघडला तर आवाजसुद्धा नाही. पाच-सात मिनिटांनी मात्र मुकाट्याने पेटायचा.

पहिल्या कारागिराने सेल बदलले. दोन दिवस ठीक वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत त्याने डायफ्राम, म्हणजे पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा, बदलला. तिसऱ्या फेरीत "सर्किट गेलंय" म्हणून ठिणगीचा डबा नवा टाकला. तरीही तेच. मग काकांनी दुसऱ्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत काम केलं, थोडेसेच पैसे घेतले आणि सांगून गेला, "आता बंद पडणार नाही." खरोखरच पडला नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मला फोन आला.

पहिल्या कारागिराला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याने जे तीन भाग बदलले ते तिन्ही संशयित म्हणून बरोबरच होते. उतरलेले सेलसुद्धा थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा जीव धरतात, त्यामुळे "थोड्या वेळाने आपोआप पेटतो" हे लक्षण सेललाही लागू पडतं. डायफ्राम फाटला असेल तर पाण्याचा रेटा गॅसच्या पिनेपर्यंत पोचत नाही, मायक्रोस्विच (सुटल्यावरच ठिणगी सुरू करणारी बारीक कळ) दबलेलाच राहतो आणि नळ उघडूनही गीझर गप्प बसतो. लक्षणं जुळत होती. त्याने फक्त घड्याळ लावलं नाही.

गॅस गीझर किती वेळाने बंद पडतो यावरून निम्मं निदान होतं. पेटला आणि पाच-दहा सेकंदांत विझला, तर ज्योत ओळखणारी पिन बघायची. ती काजळलेली असते किंवा ज्योतीपासून सरकलेली असते. डब्याला ज्योत 'दिसत' नाही, म्हणून तो गॅस तोडतो. बरोबर २० मिनिटांनी बंद पडला, तर तो बिघाड नाही. पुष्कळ मॉडेलमध्ये तसं टायमरच असतं. वेळेचा काही नेमच नसेल, तर सेल, सैल वायर किंवा पाण्याचा चढउतार. आणि तीन-चार मिनिटांनी बंद पडून, थंड झाल्याशिवाय हूं की चूं न करता पडून राहिला, तर तिथे उष्णतेचा संबंध आहे. डायफ्रामला गरम-गार कळत नाही. कळतं ते तांब्याच्या टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर बसवलेल्या आठ आण्याएवढ्या चकतीला, पाणी फार तापलं की गीझर बंद करणाऱ्या ओव्हरहीट सेन्सरला.

उघडण्याआधी

घरात शिरलो तेव्हा पाना पिशवीतच ठेवला होता. आधी नुसतं बघितलं. गीझरच्या वरच्या भिंतीवर हातभर काळा पट्टा. बाल्कनीला ॲल्युमिनियमचं नवं कोरं स्लायडिंग, तिन्ही काचा घट्ट बंद. दोरीवर कपडे. आणि बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी बाहेर नाही, तर याच ड्राय बाल्कनीत उघडणारी. पुण्यातल्या जुन्या इमारतींत ही रचना सर्रास असते. बाल्कनी उघडी होती तोवर त्यात काही वावगं नव्हतं.

"स्लायडिंग कधी केलंत?"

"दसऱ्याच्या आधी," काका म्हणाले. "कबुतरांनी जीव नकोसा केला होता हो. धुतलेल्या कपड्यांवर घाण, कुंड्यांत अंडी. शेवटी बंदच करून टाकलं."

स्लायडिंग दसऱ्याच्या आधी आणि गीझरची कुरकुर दिवाळीनंतर. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आंघोळीनंतर कुणाचं डोकं दुखतं का?"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काकांचं रोज दुखत होतं. ते सगळ्यांत शेवटी आंघोळीला जायचे. परवा टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि भिंत धरून खालीच बसले. घरात सगळ्यांनी ते पित्तावर आणि बीपीच्या गोळीवर ढकललं होतं. सुनेचे डोळे चुरचुरायचे, तर तिला वाटायचं साबण बदलल्यामुळे.

मग आधी काचा सरकवल्या, सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि गीझरचं झाकण काढलं. ओव्हरहीट सेन्सरच्या दोन्ही वायरी कापून एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आमच्या धंद्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. सेन्सर जागेवर होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. गीझर बंद पडायचा थांबला तो असा.

पाणी

झाकण काढलं की हात थेट पार्टकडे जातो, तो आवरून मी दहा लिटरची खूण असलेली बादली मागितली. गीझरला येणारी थंड पाण्याची नळी सोडून बादलीत धरली, तर ७५ सेकंदांत बादली भरली, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. गच्चीवरची टाकी गीझरपासून पाचेक मीटर वर. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब, या हिशेबाने इथे अर्धा किलो. एवढ्यावर हा गीझर मजेत चालतो.

मग नळी पुन्हा जोडून तेच पाणी गीझरमधून घेतलं, न पेटवता. बादलीला लागली ३ मिनिटं ८ सेकंद. मिनिटाला जेमतेम ३.२ लिटर. येताना आठ, जाताना सव्वातीन. बाकीचं पाणी आत कुठेतरी अडत होतं.

मग सुनेला स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगितला. दोन्ही नळ एकाच पाइपवर होते. धार आणखी बारीक झाली, अडीच लिटरवर आली.

ही सगळी गोम आकड्यांत बसते. ६ लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. ६ गुणिले २५, म्हणजे मिनिटाला १५० किलोकॅलरी. पाणी कमी झालं म्हणून आच कमी होत नाही. तीच आच सव्वातीन लिटरला मिळाली तर पाणी ४६-४७ अंशांनी चढतं, अडीच लिटरला मिळाली तर ६० अंशांनी. डिसेंबरच्या सकाळी टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास. २० अधिक ६०, ऐंशी. सेन्सर याच सुमाराला सर्किट तोडतो. क्षारांची खपली बसलेल्या तांब्याच्या नळीची भिंत तर त्याहून तापलेली असते. पाणी तिथल्या तिथे उकळून बुडबुडे फुटतात. तोच काकूंना ऐकू येणारा आधणाचा आवाज.

गीझर सकाळीच का बंद पडायचा, हेही यातूनच कळलं. आत आंघोळ चालू असताना सून डब्याची भांडी घासत असायची. आधीचा कारागीर तिन्ही वेळा दुपारी आला होता. दुपारी सगळे नळ बंद, गीझर शहाण्यासारखा चालायचा आणि तो नवा भाग बसवून "बघा, चालू झाला" म्हणून जायचा.

हवा

पाण्याचा उलगडा झाला तरी काकांचं डोकं का दुखतं, हे त्यातून सुटत नव्हतं. त्यासाठी गीझर एकदा होता तशाच परिस्थितीत पेटवणं भाग होतं. काचा बंद केल्या. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे गॅस अर्धवट जळला की निघणाऱ्या विषारी वायूचा मीटर बाथरूममध्ये दिसेल असा ठेवला, शॉवर सोडला आणि मी दाराबाहेर उभा राहिलो. ज्योतीची टोकं सुरुवातीपासूनच पिवळी होती. सहाव्या मिनिटाला ती लांबट झाली, डोलायला लागली. आठव्या मिनिटाला मीटरने १४० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १४० भाग) दाखवले आणि आकडा चढतच होता. तिथे गॅस बंद केला आणि घरातली दारं-खिडक्या उघडल्या.

हा फक्त पहिल्या आंघोळीचा आकडा. २०० पीपीएममध्ये दोन-तीन तास काढले की डोकं दुखतं, ८०० मध्ये पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, १,६०० मध्ये वीस मिनिटांतच. काका पाचवे.

त्या बाल्कनीचं माप ४ फूट बाय ८ फूट, उंची ९ फूट, म्हणजे सुमारे ८ घनमीटर हवा. गीझर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस खातो आणि एक किलो गॅस पुरा जळायला १३ घनमीटरच्या आसपास हवा लागते. पाच आंघोळी, प्रत्येकी आठ मिनिटं, असं ४० मिनिटं धरलं तरी गीझरला जेवढी हवा लागते तेवढीच त्या बाल्कनीत आहे. शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत बर्नर स्वतःचाच धूर ओढत असतो. ऑक्सिजन कमी, ज्योत पिवळी, पिवळ्या ज्योतीची काजळी तांब्याच्या टाकीच्या पात्यांवर, पात्या बुजल्या की धूर वर जायला वाट नाही, म्हणून ज्योत आणखी पिवळी. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

वायर पिळणाऱ्याने इथे दुहेरी नुकसान केलं. ओव्हरहीट सेन्सर काही कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, ते त्याचं कामच नव्हे. पण गीझर दर चार मिनिटांनी रुसून बसायचा तेव्हा मध्ये खंड पडायचा, लोक चिडून बादलीत पाणी साठवायचे, दार उघडं राहायचं. सेन्सर डायरेक्ट झाल्यावर गीझर पाचही आंघोळींना न अडखळता जळायला लागला. काकांची डोकेदुखी त्याच आठवड्यात सुरू झाली, हे काकूंनी तारखेचं कॅलेंडर बघून सांगितलं.

"पण गॅसचा वास तर कधी आला नाही," मुलगा म्हणाला. हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. वास हा न जळलेल्या गॅसला, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. गॅस जळला की तोही जळतो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, रंग नाही. आपल्याकडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने असे रुग्ण नोंदवले आहेत. आंघोळ करताना झटका आला, बेशुद्ध पडले, आणि आधी अपस्माराची शंका घेतली गेली. मी काकांना डॉक्टरांकडे जायला आणि गीझरचं आवर्जून सांगायला लावलं. रक्तातला हा वायू साध्या हवेत चार-पाच तासांत निम्मा उतरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत काही सापडत नाही आणि डॉक्टरला कुणी सांगितलं नाही तर त्याला सुचणार तरी कसं?

काम

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, पाण्याचा कॉक बंद, आतलं पाणी खालच्या बुचातून काढलं. तांब्याची टाकी सोडवली. तळाकडून बघितलं तर पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

काजळी साबणाच्या कोमट पाण्यात, नायलॉनच्या ब्रशने काढली. तारेचा ब्रश वापरू नये, पात्या कागदासारख्या पातळ असतात, वाकल्या की वाट कायमची बुजते. आतल्या क्षारांसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, एका लिटर कोमट पाण्यात ७०-८० ग्रॅम. नळी उभी धरून नरसाळ्याने भरलं आणि फसफस थांबेपर्यंत ठेवलं. पहिला घाणा पाऊण तासात शांत झाला, दुसरा अर्ध्या तासात. बाहेर आलेल्या पाण्यात तांदळाच्या कणीएवढ्या खपल्या होत्या. काही जण यासाठी संडास साफ करायचं ॲसिड ओततात. ते क्षार झटपट काढतं यात वाद नाही, पण पितळ आणि डाखही खातं, आणि चार महिन्यांनी टाकी डाखापाशी झिरपायला लागते.

बर्नरच्या तोंडाशी कपड्यांची लव आणि कोळ्याचं जाळं होतं. जेट नुसते ब्रशने झाडले, फुंकले. जेटमध्ये सुई घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त जातो आणि ज्योत कायमची पिवळी होते. गॅसचा दाब पारदर्शक नळीत पाणी भरून मोजला. ३० मिलिबार म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत साधारण ३०० मिलिमीटरचा फरक. तेवढा होता. पाण्याच्या तोंडाची जाळी वाळूने भरली होती, ती धुतली.

बदललं काय? ओव्हरहीट सेन्सर नवा, वायरी नीट जोडून. टाकीच्या दोन्ही टोकांचे वायसर. गॅसच्या पिनेवरची रबरी रिंग, कारण तिथून थेंब गळत होता. आणि गॅसची नारिंगी नळी, तिच्यावर छापलेली मुदत उलटून गेली होती. बास.

काकूंनी आधी काढलेले भाग टाकले नव्हते, सगळे एका कॅरीबॅगमध्ये ठेवले होते. असं गिऱ्हाईक मला फार आवडतं. जुना ठिणगीचा डबा जोडून बघितला, तर उत्तम चालला. जुना डायफ्राम उजेडात ताणून बघितला, कुठे चीर नाही, कडकपणा नाही. जुने सेल मात्र खरंच उतरलेले होते. म्हणजे तीनपैकी एक अंदाज बरोबर.

साबणाचा फेस लावून सांधे तपासले आणि पुन्हा बादली लावली. दहा लिटरला १ मिनिट ५० सेकंद, मिनिटाला जवळपास साडेपाच लिटर. स्वयंपाकघरातला नळ सोडूनही साडेचारच्या खाली आली नाही. काचा उघड्या ठेवून दहा मिनिटं पेटवला, ज्योत निळी, बाथरूममधला मीटर शून्यावर.

काचांचा वाद

मी म्हणालो, स्लायडिंग काढल्याशिवाय गीझर चालू करून देणार नाही.

काका चिडले. "इतके हजार घालून केलंय. आंघोळीच्या वेळी एक काच सरकवून ठेवू, मग झालं?" हे मला अजिबात मान्य नाही. पहाटे सहाला गार वारं येतं म्हणून कुणीतरी ती काच लावणारच, आणि ते नेमकं कळणार नाही. त्यांच्या गीझरला धूर बाहेर नेणारी चिमणी नव्हती, तशी सोयच त्या मॉडेलला नव्हती. सिलिंडरवरच्या लहान गीझरसाठी आय एस १५५५८ हे भारतीय मानक आहे आणि या गीझरवर आयएसआयची खूणही होती. पण खूण गीझरवर असते, भिंतीवर नसते.

तासभर चर्चा झाली. विजेच्या गीझरचा विषय निघाला, पण जुनं वायरिंग ते पेलणार नव्हतं. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. कबुतरांसाठीच बंद केलं होतं ना, मग कबुतरांची जाळी लावा. दोन दिवसांनी कडेच्या दोन काचा चौकटीतून पार उतरवल्या, तिथे वरपासून खालपर्यंत नायलॉनची जाळी लागली, मधली काच ठेवली. बाथरूमच्या पट्ट्यांच्या जागी अखंड काच बसवली, आणि त्या बाथरूमला दुसऱ्या भिंतीतून बाहेर उघडणारा एक जुना झरोका होता, त्यातला कोंबलेला पुठ्ठा काढला. त्या दोन दिवसांत पाणी शेगडीवर तापलं. काका माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

जाळी लागल्यावर पुन्हा मीटर ठेवला आणि या वेळी पाच आंघोळींच्या हिशेबाने सलग ४० मिनिटं गीझर चालवला, वीस मिनिटांनी टायमरने तोडल्यावर पुन्हा पेटवून. मीटर शून्यावरून हलला नाही. गीझरच्या अंगावर कागदी पट्टी चिकटवून तारीख आणि "१० लिटर : १ मि. ५० से." एवढं लिहून ठेवलं. बादलीला अडीच मिनिटं लागायला लागली की क्षार काढायचे; बोअरच्या पाण्यावर ते बहुतेक दर दिवाळीला येईल.

तीन आठवड्यांनी काकांचाच फोन आला. डोकं दुखायचं थांबलं होतं, पण फोन त्यासाठी नव्हता. स्लायडिंगवाल्याने दसऱ्याला त्याच इमारतीत आणखी सहा घरांची कामं केली होती आणि काका स्वतः घरोघर जाऊन खिडक्या बघून आले होते. चार घरांत गॅस गीझर ड्राय बाल्कनीत, त्यांतल्या तीन घरांत बाथरूमची खिडकी आत उघडणारी. मी एका रविवारी तिन्ही ठिकाणी मीटर घेऊन गेलो. दोघांनी त्याच आठवड्यात जाळी लावली. दुसऱ्या मजल्यावर मीटर बाराव्या मिनिटाला २२० वर गेला. त्यांचा रेग्युलेटर बंद करून, गीझरवर चिठ्ठी लावून आलो. त्यांनी स्लायडिंग काढलं का, ते अजून कळवलेलं नाही.